एकाच भातप्रयोगातून एफची तीन उत्तरं: ०.९३, ५.२५ आणि ११.१

लांज्याचा_भातकरी

नमस्कार मंडळी. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी काकांच्या शेतात भाताचा लहानसा प्रयोग केला. त्याच्या आकडेमोडीत अडलोय.

जमीन लांजा तालुक्यात, उतारावरची. वरकस (वरची हलकी जमीन) संपते तिथून खाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) एकाखाली एक चार खाचरं. प्रत्येक खाचरात मधे बांध घालून एकेक गुंठ्याचे तीन तुकडे केले. ‘अ’मध्ये खत नेहमीसारखं फेकून. ‘ब’मध्ये युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, चारसूत्री पद्धतीत खोचतात तशा, म्हणजे चार चुडांच्या मधोमध एक, ७ ते १० सेंटिमीटर खोल. ‘क’मध्ये ब्रिकेट आणि शिवाय चिखलणीच्या वेळी गाडलेला गिरिपुष्पाचा पाला. पाल्यातलं सोडलं तर नत्र आणि स्फुरद तिन्हीकडे सारखंच. कोणत्या तुकड्यात काय टाकायचं ते प्रत्येक खाचरात वेगळ्या चिठ्ठ्या काढून ठरवलं. जात कर्जत-३. झोडणीनंतर भात वाळवून, १४ टक्के ओलाव्याला हिशेब करून, गुंठ्याला किलो असे आकडे:

सगळ्यात वरचं खाचर: अ २७, ब ३३, क ३०
दुसरं: अ ३३, ब ३३, क ३६
तिसरं: अ ३३, ब ४१, क ४०
पऱ्याकाठचं: अ ३९, ब ४१, क ४६

सरासऱ्या अ ३३, ब ३७, क ३८.

मी संगणकावर साधा एकमार्गी अ‍ॅनोव्हा केला. म्हणजे गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी कसोटी. तिचं गुणोत्तर, एफ, ०.९३ आला, आणि पी (परिणाम नसतानाही एवढा किंवा मोठा एफ येण्याची शक्यता) ०.४३. म्हणजे काहीच फरक नाही. वर्गातल्या मित्राने खाचर हा ब्लॉक, म्हणजे सारख्या जमिनीचा गट, धरून केलं, त्याचा एफ ५.२५, पी ०.०४८. तिसऱ्याने खाचर आणि खत यांचे शून्य-एकचे (नाही-आहे) रकाने करून रिग्रेशन लावलं, त्याच्या तक्त्यात सगळ्यात वर एफ ११.१ आणि पी ०.०१ च्याही खाली. आकडे तेच बारा!

खरा एफ कोणता? आणि एफ एकपेक्षा कमी येतोच कसा? सूत्र पाठ आहे, पण आपण कशाला कशाने भागतोय आणि का, हे मला खरंच कळलेलं नाही.

देवगड_कलम

आरबीडी (ब्लॉक पाडून प्रत्येकात चिठ्ठ्या काढलेली) मांडणी आहे ना? मग ५.२५. बाकीचे दोन सोडून दे.

पावसची_मास्तरीण

५.२५ हे वर सांगितलं ते बरोबर आहे. पण ते का बरोबर, हे कळल्याशिवाय तोंडी परीक्षेत तुला टिकवता येणार नाही, आणि काकांना काय सांगायचं तेही ठरवता येणार नाही. मी रत्नागिरीत महाविद्यालयात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. अंशात काय असतं ते बहुतेक मुलं सांगतात. छेदाकडे फार थोडे बघतात, आणि एफचा सगळा जीव त्या छेदात आहे. म्हणून जरा सावकाश लिहिते.

आधी असं धर, की खताच्या पद्धतीने काहीच फरक पडत नाही. तरीही ३३, ३७, ३८ अशा वेगळ्या सरासऱ्या आल्या असत्याच, कारण दोन गुंठे कधी सारखे पिकत नाहीत. कुठे आवण कोवळं लागलं, कुठे खेकड्याने बांधाला भोक पाडून पाणी उतरलं, कुठे खोडकिडा. एका तुकड्याचा हा आपोआप होणारा चढउतार, म्हणजे त्याचा व्हेरिअन्स, किती आहे याचा अंदाज दोन वेगळ्या वाटांनी बांधता येतो.

पहिली वाट सरासऱ्यांतून जाते. एकूण सरासरी ३६. तिच्यापासून तुझ्या तीन सरासऱ्यांची अंतरं उणे ३, अधिक १, अधिक २. वर्ग ९, १ आणि ४. बेरीज १४, दोनने भागून ७. पण यातली प्रत्येक सरासरी चार तुकड्यांची आहे, आणि चारांच्या सरासरीचा व्हेरिअन्स एकट्या तुकड्याच्या चौथाई असतो. म्हणून सातला चारने गुणायचं. एका तुकड्याचा व्हेरिअन्स आला २८. तुझ्या तक्त्यात खताच्या ओळीतला सरासरी वर्ग तो हाच.

दुसरी वाट उरलेल्या आकड्यांतून. वरच्या खाचरातला ब घे. त्या खाचराची सरासरी ३०, ब एकूण सरासरीच्या १ किलो वर, म्हणजे ३१ यायला हवं होतं. आलं ३३. उरलं २. असे बारा उर्वरित काढ, त्यांच्या वर्गांची बेरीज ३२ येते. डीएफ, म्हणजे त्यातले मोकळे, स्वतंत्र आकडे, ६. भागून ५.३३.

खत निष्प्रभ असेल तर २८ आणि ५.३३ हे एकाच गोष्टीचे दोन अंदाज ठरतात आणि त्यांचं गुणोत्तर एकच्या आसपास फिरायला हवं. खताचा परिणाम असेल तर तो पहिल्या अंदाजात मिसळतो, अंश फुगतो, छेद आपल्या जागी राहतो. २८ भागिले ५.३३ म्हणजे तुमचा ५.२५. दोन आणि सहा डीएफला पाच टक्क्यांची मर्यादा ५.१४ आहे, जेमतेम ओलांडली आहे. त्याबद्दल खाली लिहिते.

आता ०.९३. अंश तोच २८ आहे, हे आधी नीट बघ. बदलला तो छेद. खाचर हिशेबात घेतलं नाहीस, त्यामुळे खाचराखाचरांतला फरक ‘उरलेल्या’त जाऊन बसला. खाचरांच्या सरासऱ्या ३०, ३४, ३८, ४२. वरून खाली सरळ चढत गेल्या आहेत. पावसाळाभर वरची माती आणि तिच्यातलं सत्त्व पाण्याबरोबर खाली उतरतं, पऱ्याकाठी ओल टिकते. तुझ्या काकांना हे कुणी सांगायला नको. या चढाची वर्गांची बेरीज २४० आहे. ती ३२ मध्ये मिसळली, झाले २७२, डीएफ ९, भागून ३०.२. मग २८ भागिले ३०.२ म्हणजे ०.९३.

एफ एकपेक्षा कमी येणं यात अघटित काही नाही. दोन आणि नऊ डीएफ असताना, आणि परिणाम खरोखर शून्य असताना, शंभरातल्या सुमारे साठ वेळा एफ एकच्या खालीच येतो. पण तुझ्या मांडणीत आणखी एक कारण आहे. प्रत्येक खाचरात अ, ब, क एकेकदाच आहेत. त्यामुळे खाचरांचा फरक तिन्ही सरासऱ्यांत सारखा पडतो आणि अंशातून आपोआप निघून जातो. छेदात मात्र तो पूर्ण बसलेला असतो. अशा वेळी एफ खाली दाबला जातो. एफ फारच लहान दिसला की मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हाच विचारत असे, की शेतात असं काय केलं होतंत जे गणितात आलेलं नाही?

ही पद्धत जन्मली तीच शेतात. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडातल्या रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले, आणि त्यांच्यापुढेही जमीन एकसारखी नसण्याचीच अडचण होती. जमिनीचा फरक पुसता येत नाही. तो ब्लॉकमध्ये कोंडायचा, ब्लॉकच्या आत चिठ्ठ्या काढायच्या, आणि हिशेबात त्याचा वाटा वेगळा काढून ठेवायचा, हा मार्ग त्यांनी १९२० च्या दशकात घालून दिला. चिठ्ठ्या काढल्यास हे तू फार चांगलं केलंस. त्या नसत्या तर छेदातल्या ५.३३ वर विश्वास ठेवायला आधारच राहिला नसता. फिशर यांचे १९२५ चे तक्ते मात्र एफचे नव्हते. ते या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमचा अर्धा भाग घेत आणि त्याला झेड म्हणत. तुझ्या ५.२५ चा झेड ०.८३ येईल. १९३२ मध्ये आपल्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी त्या कसोटीसाठी वापरायला सोपे साहाय्यक तक्ते प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये आयोवातल्या जॉर्ज स्नेडेकर यांनी सरळ गुणोत्तराचेच तक्ते दिले आणि फिशर यांच्या मानार्थ त्याला एफ म्हटलं.

आता रिग्रेशन. तिथे एफ काही वेगळा नाही, फक्त त्याच्याकडे बघण्याची जागा बदलते, आणि मला विचारशील तर ही जागा जास्त चांगली, कारण इथून तुझे तिन्ही एफ एका ओळीत दिसतात. कुठलाही एफ म्हणजे दोन मॉडेलांची तुलना, एक लहान आणि एक मोठं, आणि लहान मॉडेल मोठ्याच्या पोटात बसणारं. लहानातून मोठ्याकडे जाताना न उलगडलेली वर्गांची बेरीज किती उतरली, ती दर डीएफला किती, आणि त्याला भागायचं ते मोठ्या मॉडेलमध्ये दर डीएफला जे शिल्लक राहिलं त्याने.

तुझ्याकडे चार मॉडेलं आहेत. नुसती एकूण सरासरी घेतली तर ३२८ शिल्लक. फक्त खत घेतलं तर २७२. फक्त खाचर घेतलं तर ८८. दोन्ही घेतलं तर ३२.

तू ३२८ वरून २७२ वर आलास. उतार ५६, दोन डीएफ, म्हणजे २८, भागिले ३०.२. तुझ्या मित्राने ८८ वरून ३२ वर येण्याचा हिशेब केला. उतार तोच ५६, पण भागायला ५.३३. तिसऱ्याच्या तक्त्यात सगळ्यात वर जो एफ छापला जातो, तो ३२८ वरून थेट ३२ वर येण्याचा. उतार २९६, पाच डीएफ, दर डीएफला ५९.२, भागिले ५.३३, बरोबर ११.१. त्या एफचा प्रश्न असा आहे: खाचर आणि खत मिळून काहीतरी सांगतात का? सांगतात. पण त्यातलं बहुतेक सांगणं ‘खालच्या खाचरात जास्त पिकतं’ एवढंच आहे. खताबद्दल तो आकडा वेगळं काही म्हणत नाही. तिसऱ्या मुलाचं रिग्रेशन चुकलेलं नाही. त्याला फक्त खताचे दोन रकाने काढून एकदा आणि ठेवून एकदा चालव म्हणावं, आणि दोन्हीतल्या शिल्लक बेरजा वर लिहिल्याप्रमाणे एकमेकींसमोर ठेवायला सांग. ५.२५ च येईल.

आर-वर्गातूनही, म्हणजे एकूण फरकातला किती वाटा मॉडेलने उलगडला त्यातूनही, हेच निघतं. दोन्ही घेतल्यावर आर-वर्ग ०.९०, फक्त खाचराचा ०.७३. हा ०.९० अहवालात खताच्या नावावर लिहू नकोस. मी असे अहवाल पाहिले आहेत.

५.२५ मध्ये एक गोष्ट दडलेली आहे तीही सांगते. क चे उर्वरित बघ: वरच्या खाचरात उणे २, पऱ्याकाठी अधिक २. पाल्याचा फायदा खाली जास्त होत असेल का? असेलही. पण एका खाचरात क चा एकच तुकडा आहे, त्यामुळे असा खाचरानुसार बदलणारा परिणाम आणि निव्वळ योगायोग तुझ्या हिशेबात वेगळे करता येत नाहीत. दोन्ही छेदातच आहेत.

लांज्याचा_भातकरी

बाई, फार आभार. चार मॉडेलांचं वाचून तिन्ही आकडे वहीत काढून पाहिले, सगळे जुळले. अंश तोच होता हे मी पाहिलंच नव्हतं.

दोन गोष्टी विचारतो. ५.१४ आणि ५.२५ इतके जवळ आहेत, मग ‘परिणाम सिद्ध’ म्हणू का? आणि अहवालात एसईएम (सरासरीची प्रमाण चूक) आणि सीडी (दोन सरासऱ्यांत किमान किती फरक हवा ती मर्यादा) द्यावी लागते. प्रयोगाच्या प्रस्तावात लावणीच्या आधीच लिहिलं होतं की मुख्य तुलना फेकलेलं खत विरुद्ध ब्रिकेट (ब आणि क मिळून), आणि दुसरी तुलना पाल्याची. त्याचा काही उपयोग होतो का?

पावसची_मास्तरीण

खूपच होतो! हे आधी लिहून ठेवलं होतंस हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

तीन पद्धतींचा मिळून एफ दोन डीएफचा आहे. म्हणजे त्यात दोन प्रश्नांची सरासरी झालेली आहे. तुझे दोन प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून ५६ चे दोन स्वच्छ वाटे पडतात. अ विरुद्ध ब-क: ५४. ब विरुद्ध क: २. दोन्ही एकेक डीएफचे, दोन्हींना भागायचं ५.३३ ने. पहिला एफ १०.१, दुसरा ०.३८. एक आणि सहा डीएफला मर्यादा ५.९९. ब्रिकेटचा प्रश्न मर्यादेच्या बराच वर गेला, पाल्याचा जवळजवळ काहीच बोलला नाही. एकत्र एफमध्ये पाल्याच्या शांतपणाने ब्रिकेटचं म्हणणं पातळ केलं होतं. एक डीएफचा एफ म्हणजे टी चा (फरक भागिले त्याची प्रमाण चूक) वर्ग, हेही ताडून बघ: टी ३.१८.

पण ही वाटणी कापणीच्या आधी ठरलेली हवी. आकडे बघून ‘अ वेगळा दिसतोय, त्याचीच तुलना करू’ असं कुणी केलं तर ही मर्यादा त्याला लागू होत नाही, आणखी कडक लागते.

सीडी: ५.३३ ला चारने भागून वर्गमूळ, एसईएम १.१५. सहा डीएफचा टी २.४४७. एसईएमला दोनच्या वर्गमुळाने आणि या टीने गुणून सीडी येते ३.९९६, म्हणजे ४ किलो. अ आणि ब मधला फरक नेमका ४. आता सांग, तिसऱ्या दशांशावर ‘फरक आहे’ आणि ‘फरक नाही’ ठरवायचं का? काकांना उपयोग आहे तो दुसऱ्या आकड्याचा. ब्रिकेटने सरासरी ४.५ किलो जास्त आले, आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा साधारण १ ते ८ किलो दर गुंठा. म्हणजे हेक्टरी एक क्विंटल ते आठ क्विंटल. फायदा आहे असं दिसतंय, पण किती, हे चार खाचरांतून फार सैल कळलं आहे. अहवालात हे वाक्य एफच्या खाली लिहावंस अशी माझी इच्छा आहे. एफ कितीही मोठा आला तरी फायदा किलोत किती, हे तो कधीच सांगत नाही.

बंदरावरून

मी मासळीच्या नोंदींचं काम करतो, शेतीचं नाही, पण चिठ्ठ्यांचा उल्लेख वाचून एक करून पाहिलं. प्रत्येक खाचरात अ, ब, क लावायचे सहा प्रकार. चार खाचरं, म्हणजे सहाचा चौथा घात, १२९६ मांडण्या. खताने काहीच होत नसेल तर यातली कुठलीही चिठ्ठी निघाली असती आणि तुकड्यांचं उत्पन्न तेच राहिलं असतं. संगणकाला सगळ्या १२९६ मांडण्यांचा एफ काढायला लावला. ५.२५ किंवा जास्त ९६ वेळा आला. ०.०७४. तक्त्यातून मिळणाऱ्या ०.०४८ पेक्षा बराच जास्त.

मग बाईंनी सांगितलेली आधी ठरवलेली तुलना तपासली. इथे फक्त अ कुठे पडला एवढंच बघायचं. ८१ शक्यता. त्यातल्या ३ मध्येच अ बाकीच्यांपासून इतका लांब जातो. ०.०३७.

पावसची_मास्तरीण

हे केलंत याबद्दल खरंच आभार. फिशर यांनी एफच्या वापराचं समर्थन करताना चिठ्ठ्यांचा हाच आधार घेतला होता. शक्य त्या सगळ्या मांडण्या मोजणं हाताने अशक्य होतं, म्हणून तक्ता. बारा तुकड्यांच्या प्रयोगात तक्ता आणि मोजणी यांत एवढं अंतर पडू शकतं. लांजेकरा, ०.०४८ आणि ०.०७४ हे दोन्ही आकडे लिही. वाचणाऱ्याला त्यातून कळेल की पाच टक्क्यांची रेघ इथे फार जाड आहे. आणि तुझे आकडे नुसते डोळ्यांनी बघ: चारही खाचरांत अ पेक्षा कमी कुणीच नाही, एकदाच ब त्याच्या बरोबरीला आहे. मुख्य तुलनेचा कल यातूनच दिसतो.

देवगड_कलम

ताई, छेदाचं वाचून माझाही प्रश्न विचारतो. आंब्याची सहा कलमं घेतली, तिनांवर एक फवारणी, तीन तशीच. प्रत्येकावरची वीस फळं तोलली. १२० फळांवर अ‍ॅनोव्हा केला तर एफ ९ च्या वर जातोय. दुकानदार म्हणतो, झालं सिद्ध.

पावसची_मास्तरीण

तुमचा छेद कोणता ते बघा. फळाफळांतला फरक छेदात घेतलात, पण फवारणी फळावर वेगवेगळी झाली नाही, कलमावर झाली. एका कलमावरची वीस फळं त्याच मुळांवर, त्याच कातळावर, त्याच मोहोरातून आलेली. ती एकमेकांसारखी असणारच. म्हणून फवारणीच्या सरासरी वर्गाला भागायचं ते एकाच गटातल्या कलमाकलमांमधल्या सरासरी वर्गाने, आणि त्याचे डीएफ ४. मर्यादा ३.९ ऐवजी ७.७१ होते, आणि छेद मोठा झाल्यामुळे तुमचा ९ त्याच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री वाटत नाही. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक कलमाची एक सरासरी काढा आणि सहा आकड्यांवर हिशेब करा. उत्तर तेच येतं. औषधावर पैसे घालायच्या आधी हे नक्की करा. फळं जास्त तोलून उपयोग नाही, कलमं वाढवा.

हवामानाची_वही

मध्ये घुसतो. आंब्याच्या मोहोराची तारीख आणि हवामान यांचं रिग्रेशन करतोय. रात्रीचं किमान तापमान, पहाटे सहाचं तापमान असे दोन चल. वरचा एफ चांगला मोठा, पण दोन्ही चलांचे टी मर्यादेच्या आत. एफ खोटा की टी?

पावसची_मास्तरीण

दोन्ही खरे. प्रत्येक टी विचारतो, दुसरा चल आधीच घेतला असताना याने आणखी काय दिलं? रात्रीचं किमान आणि पहाटे सहाचं तापमान जवळजवळ एकच गोष्ट सांगतात, म्हणून एक असताना दुसऱ्याची भर नगण्य. एफ विचारतो, दोन्ही मिळून काही सांगतात का? सांगतात. एक काढून टाका, उरलेल्याचा टी कसा वर येतो ते दिसेल. कुठला ठेवायचा हे मात्र मोहोराच्या शास्त्रावरून ठरवा.

लांज्याचा_भातकरी

बाई, शेवटचं. काका पुढच्या खरिपात आणखी दोन खाचरं द्यायला तयार आहेत. सहा केली तर पाल्याचाही निकाल लागेल का?

पावसची_मास्तरीण

छेद ५.३३ च्या जवळ राहील असं धरून हिशेब कर. सहा खाचरांत डीएफ १० होतात, टी २.२२८, सीडी ४ वरून ३ वर येते. ब्रिकेटचा ४.५ किलोचा फायदा खरा असेल तर तो तुला बराच स्पष्ट दिसेल, आणि १ ते ८ ही सैल मर्यादाही आवळेल. पाल्याचा मात्र नाही. १ किलोचा फरक पकडायला सीडी एकवर आणावी लागेल, आणि त्यासाठी चाळीसहून जास्त खाचरं लागतील. तेवढी तुमच्या अख्ख्या वाडीत नसतील. तेव्हा आधी काकांना विचार, गुंठ्याला एक किलो भातासाठी पाला तोडून वाहून आणण्याची मजुरी त्यांना परवडते का. नाही म्हणाले तर क सोडून दे आणि त्याचे तुकडे अ आणि ब ला वाटून टाक. आणि मधले बांध या वेळी रुंद घाल. वरच्या तुकड्यातलं फेकलेलं खत पाण्याबरोबर शेजारी गेलं तर अ आणि ब मधला फरक शेतातच पुसला जाईल, मग छेद कितीही लहान केलास तरी तो परत मिळणार नाही.